हवालदाराची जागा फाटकावर नाही

माजी सैनिकांना तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात कामं मिळवून द्या, असं कुणी म्हटलं की त्यावर एक ठरलेलं उत्तर येतं. उत्तर देणारा माणूस बहुधा सैनिकांबद्दल मनापासून आदर बाळगणारा असतो. तो म्हणतो, जवानांचा मान राखलाच पाहिजे, त्यांच्या हाताला कामही मिळालं पाहिजे, पण ज्याला जे झेपेल ते द्यावं. बारावी होऊन भरती झालेला, चाळिशीला टेकलेला, इंग्रजी बेताचं असलेला माणूस सर्व्हर आणि सॉफ्टवेअरच्या जगात कुठे बसवणार? शिस्त, इमान आणि काटकपणा हे त्याचे गुण. त्या गुणांना साजेशी कामं आहेतच की. सुरक्षारक्षक आहे, बँकेच्या दारावरचा बंदूकधारी आहे, कंपनीच्या बसचा चालक आहे. शिवाय त्याला पेन्शन मिळतं. इंजिनियर झालेली पोरं घरी बसली असताना त्यांच्या वाट्याचं काढून पेन्शनरला देणं हा कुठला न्याय?

हे बोलणं मी मनुष्यबळ विभागातल्या लोकांकडून ऐकलंय, सत्काराच्या मांडवात ऐकलंय आणि काही निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नाही. पण ते चूक आहे, आणि मुळातच चूक आहे. ज्या माणसाची लायकी आपण इतक्या खात्रीने ठरवतो, तो पंधरा-वीस वर्षं फौजेत नेमकं काय काम करत होता, याची आपण कधी चौकशीच केलेली नाही.

दरवर्षी आपल्या तिन्ही दलांतून सुमारे ६० हजार माणसं निवृत्त होतात. त्यातली बहुतेक ३५ ते ४५ या वयातली. पेन्शनसाठी जवानाला किमान १५ वर्षं सेवा लागते, त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पुष्कळदा चाळिशीच्या आत घरी येतो. पोरं शाळेत असतात, घराचं कर्ज फिटायचं असतं, आईवडील थकलेले असतात. कामाची निदान वीस वर्षं अजून शिल्लक असतात. या वीस वर्षांचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे आणि आपण त्याचं उत्तर फाटकावरच्या खुर्चीत शोधलंय.

हे सगळेच्या सगळे तंत्रज्ञ असतात असा माझा दावा नाही. पायदळातला रायफलमन वीस वर्षं रायफल घेऊनच उभा असतो आणि त्याच्या पुनर्वसनाचा विचार वेगळा करावा लागेल. पण आजचं सैन्य म्हणजे नुसतं पायदळ ही समजूत सिनेमातून आलेली आहे. कोअर ऑफ सिग्नल्स हे दळणवळण सांभाळणारं अंग १५ फेब्रुवारी १९११ रोजी उभं राहिलं. ‘तीव्र चौकस’ हे त्याचं बोधवाक्य. त्याच्या जवानांना जबलपूर आणि गोवा इथल्या प्रशिक्षण केंद्रांत घडवलं जातं, पुढचं तांत्रिक शिक्षण महूच्या महाविद्यालयात होतं. तोफा, रणगाडे, रडार आणि वाहनं दुरुस्त करणारी ईएमई १५ ऑक्टोबर १९४३ पासून आहे. तिचं मोठं महाविद्यालय सिकंदराबादला. नौदलाचे इंजिनरूममधले कारागीर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर तयार होतात आणि विजेची व इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारे जामनगरच्या आयएनएस वलसुरावर. हवाईदलात तर विमानाला हात लावणारा जवळजवळ प्रत्येक जण तंत्रज्ञच.

लष्कराचं स्वतःचं टेलिफोनचं आणि संगणकांचं जाळं आहे. ॲस्कॉन, अवान ही त्याची नावं सिग्नलवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातली. ३० जून २०१६ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तिन्ही दलांना जोडणाऱ्या डिफेन्स कम्युनिकेशन नेटवर्कचं उद्घाटन केलं. उद्घाटनाची छायाचित्रं छापून आली. पण असं जाळं उद्घाटनावर चालत नाही. ते चालतं ठेवणारी माणसं वेगळी असतात.

लडाखमधल्या एखाद्या खोऱ्यात दरड कोसळून ऑप्टिकल फायबर तुटली की काय होतं, ते पाहा. लाइन पार्टीचा नायक दोन-तीन जणांना घेऊन निघतो. आधी ओटीडीआर नावाचं यंत्र लावून तो फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतो, आणि परत आलेल्या उजेडाच्या आलेखावरून तुटीची जागा काही मीटरच्या फरकाने सांगतो. तिथे पोहोचल्यावर बर्फ आणि माती उकरून केबल मोकळी करायची, केसाएवढ्या जाडीची काच तिच्या आवरणातून सोलून काढायची, स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने बरोबर काटकोनात कापायची. मग स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची. जोड नीट बसला तर प्रकाशाची गळती ०.१ डेसिबलच्याही खाली राहते. नाही बसला तर पुन्हा कापायचं, पुन्हा जोडायचं. हातमोजे घालून हे काम होत नाही, आणि उणे वीसमध्ये मोजे काढले की बोटं काही मिनिटांत बधिर होतात. तरी तो करतो, कारण पुढच्या चौकीचा फोन बंद आहे.

हाच नायक पेन्शन येऊन सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी परततो, आणि वर्षभरात पुण्याच्या आयटी पार्कच्या फाटकावर निळ्या शर्टात दिसतो. लॅपटॉपची बॅग तपासतो, गाडीखाली आरसा फिरवतो. पंचविशीतली पोरं त्याला म्हणतात, “काका, जरा बूम वर करा ना.” त्याच इमारतीत कंपनीचं नेटवर्क सांभाळायला माणसं मिळत नाहीत म्हणून जागा रिकाम्या असतात. सुरक्षारक्षकाच्या कामाला मी हलकं म्हणत नाही. ज्याला ते करायचंय त्याने मानाने करावं, आणि त्याला त्याचा पगार वेळेवर व पूर्ण मिळावा. पण देशाने ज्याला सरकारी खर्चाने वर्षानुवर्षं तंत्रज्ञ म्हणून तयार केलं, त्याच्या हातातलं कसब पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर ठेवायला लावणं ही उधळपट्टी आहे. आणि ती आपण आदराच्या नावाखाली करतो, याचा मला राग आहे.

असं का होतं? फौजीला धडपड करता येत नाही म्हणून नव्हे. तो फौजेतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्ज बुक असतं. त्यात ट्रेड लिहिलेला असतो, सेवेची वर्षं असतात, मेडिकल कॅटेगरी असते, पदकं असतात आणि वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेकदा ‘एक्झेम्प्लरी’ असा शेरा असतो. गावात या पुस्तकाला मोठा मान. पण खासगी कंपनीत अर्जांची छाननी करणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच वाचता येत नाही. ‘ऑपरेटर रेडिओ अँड लाइन’ म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो पदवी शोधतो, ती नाही म्हटल्यावर अर्ज बाजूला पडतो. जवानाला स्वतःहून सविस्तर सांगताही येत नाही, कारण कोणत्या यंत्रावर, कुठे, किती वर्षं काम केलं हे सांगण्यावर गोपनीयतेची बंधनं आहेत. इंजिनियर मुलगा मुलाखतीत आपला प्रकल्प तासभर समजावतो. फौजी म्हणतो, “सर, कम्युनिकेशनचं काम होतं,” आणि गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं इमानदारीचं आहे, आणि समोरच्याला ते अज्ञान वाटतं.

हा पेच सोडवणं सैन्यालाच शक्य आहे. यंत्राचं नाव न घेता कौशल्याची पातळी लिहून देता येते. हा माणूस अमुक दर्जाचं नेटवर्क सांभाळू शकतो, अमुक क्षमतेचा जनरेटर चालवू शकतो, फायबर जोडू शकतो, असं लिहायला गुपित फोडावं लागत नाही. राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातल्या पातळ्यांशी लष्करी ट्रेड जुळवण्याचं काम सरकारने हाती घेतलेलं आहे. पण तो कागद नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर चालला पाहिजे, आणि आज तो चालत नाही.

इथे खुद्द सरकारचा एक नियम मला फार बोचतो. दहावी झालेल्या आणि किमान १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकार गट ‘क’च्या पदवी लागणाऱ्या पदांसाठी पात्र धरतं. चांगला नियम आहे, त्याचा हजारो घरांना आधार झालाय. पण त्याला एक अट जोडलेली आहे: ज्या पदासाठी तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नाही, अशाच पदासाठी ही सवलत. म्हणजे १५ वर्षं रडार दुरुस्त केलेला हवालदार कारकून व्हायला पदवीधर ठरतो, पण जिथे रडारसारखंच काही दुरुस्त करायचंय तिथे तो पुन्हा दहावी पास. अट घालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तांत्रिक पदांना नुसती पदवीही पुरत नाही हा विचार असेल, तो मी समजू शकतो. पण मग तांत्रिक सेवेसाठी वेगळी समकक्षता का ठरवली नाही? ज्या सरकारने हे प्रशिक्षण दिलं, त्याच सरकारने ते मोजलं नाही, तर खासगी कंपनीला आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

आरक्षण आहे ना, असं यावर म्हटलं जातं. आहे. केंद्रात गट ‘क’मध्ये १० टक्के, गट ‘ड’मध्ये २० टक्के. महाराष्ट्रात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. कागदावर ही तरतूद उदार दिसते. पण पुनर्वसन महासंचालनालयाची जून २०२१ अखेरची आकडेवारी पाहा. केंद्राच्या ७७ खात्यांपैकी ज्या ३४ खात्यांनी माहिती दिली, त्यांच्या गट ‘क’च्या एकूण मनुष्यबळात माजी सैनिक होते १.२९ टक्के आणि गट ‘ड’मध्ये २.६६ टक्के. एवढी तफावत काही एखाद-दुसऱ्या अधिकाऱ्याच्या आळसाने पडत नाही. उमेदवार मिळाला नाही, पात्रता बसली नाही, परीक्षेत गुण कमी पडले, अशी कारणं प्रत्येक ठिकाणी वेगळी दिली जातात, आणि जागा शेवटी दुसऱ्याला जाते. ज्याच्या कौशल्याची नोंदच कुठे नाही, त्याला आरक्षण दारापर्यंत नेतं आणि तिथेच सोडून देतं.

पुनर्वसनाची आपली सगळी यंत्रणाच पहाऱ्याभोवती रचलेली आहे. पुनर्वसन महासंचालनालयाच्या सर्वांत परिचित योजनांपैकी एक म्हणजे माजी सैनिकांच्या सुरक्षा एजन्सींची नोंदणी. महाराष्ट्रात माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को आहे, तेही प्रामुख्याने सुरक्षारक्षक पुरवतं. त्यातून अनेक घरांची चूल पेटते, हे मी नाकारत नाही. पण ज्या यंत्रणेचं यश किती रक्षक नेमले यावर मोजलं जातं, ती रक्षकच तयार करत राहणार. तिला दुसरं उद्दिष्ट दिल्याशिवाय दुसरं फळ येणार नाही.

फौजी माणूस उतरत्या वयात तंत्रज्ञानात काय करणार, असं विचारणाऱ्यांना मला आरोग्यस्वामी पॉलराज यांचं नाव सांगायचंय. पंधराव्या वर्षी नौदलाच्या वाटेला लागलेला मुलगा. लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला. नौदलाने त्याला आयआयटी दिल्लीला पाठवलं, तिथे त्याने डॉक्टरेट केली. परत येऊन आपल्या युद्धनौकांसाठी ‘अप्सोह’ हे सोनार घडवण्याचं काम त्याने पार पाडलं. १९९१ मध्ये तो कमोडोर म्हणून निवृत्त झाला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं. तिथे त्याने अनेक अँटेनांमधून एकाच वेळी माहिती पाठवण्याची मायमो ही कल्पना मांडली. आज आपल्या खिशातला फोरजी फोन आणि घरातलं वायफाय ज्या तत्त्वावर चालतं, ते हे. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक. पॉलराज अधिकारी होते आणि असामान्य बुद्धीचे होते. प्रत्येक हवालदार पॉलराज होईल असं मी म्हणत नाही. मला त्यांच्या गोष्टीतली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. एका संस्थेने त्यांच्यातला तंत्रज्ञ ओळखला, शिकायला पाठवलं, परत आल्यावर अवघड काम सोपवलं. ओळखणं आधी झालं, बाकी सगळं त्यामागून आलं.

जवानाच्या पातळीवरचंही उदाहरण आहे, पण ते अमेरिकेतलं. डग्लस एंजेलबार्ट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात रडार तंत्रज्ञ होता, फिलिपीन्समध्ये नेमलेला. युद्धामुळे त्याचं महाविद्यालय अर्धवट सुटलं होतं. परत येऊन त्याने ते पुरं केलं. संगणकाचा माउस ज्याने शोधून काढला तो हाच. पडद्यावरच्या खुणा पाहून दूरचं काही ओळखायचं ही रडारवाल्याची सवय होती, आणि संगणकासमोर पडदा असावा, त्यावर माणसाने काम करावं, हा त्याचा विचार त्या सवयीतूनच आल्याचं तो स्वतः सांगत असे. अमेरिकेने २२ जून १९४४ रोजी, म्हणजे युद्ध चालू असतानाच, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. १९४७ साली तिथल्या महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. त्या कायद्याचे दोषही होते, कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्याचा लाभ फार कमी आला. पण सैनिकाला पुन्हा विद्यार्थी करायला लाजायचं नाही, एवढं तरी त्यातून शिकता येतं.

आता आक्षेपांकडे येतो. इंग्रजीचा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. सिग्नल्स आणि ईएमईची तांत्रिक पुस्तकं इंग्रजीत असतात, यंत्रांवरच्या खुणा इंग्रजीत असतात, बिघाडाचा अहवाल ठरलेल्या इंग्रजी नमुन्यात भरावा लागतो. रेडिओवर अल्फा, ब्रावो, चार्ली म्हणत रात्रभर संदेश घेणारा माणूस इंग्रजीला घाबरत नाही. त्याला इंग्रजीत गप्पा मारता येत नाहीत इतकंच. नेटवर्कच्या नियंत्रण कक्षात गप्पांची गरज नसते. तिथे लागतं ते नेमकं लिहिणं आणि नेमकं सांगणं.

हुकमाशिवाय फौजी हलत नाही, नवीन विचार करत नाही, असाही एक समज आहे. डोंगरमाथ्यावरच्या रिले ठाण्यावर एक नायक चार जणांना घेऊन महिनोन्‌महिने राहतो. अधिकारी खाली, रस्ता बंद, हेलिकॉप्टर हवामानावर अवलंबून. जनरेटर बिघडला तर कुठला सुटा भाग कुठून काढून कुठे लावायचा, बॅटरी किती वेळ पुरवायची, कोणता संदेश आधी आणि कोणता नंतर, हे त्यालाच ठरवावं लागतं. आणि पाळी बदलताना फौजेत जे हँडिंग-टेकिंग होतं, प्रत्येक वस्तू, प्रत्येक नोंद, प्रत्येक अपुरं काम सही करून दुसऱ्याच्या हवाली करण्याची जी रीत आहे, तिच्यासाठी तंत्रज्ञान कंपन्या महागडे सल्लागार बोलावतात. पाळी बदलताना माहिती हरवली म्हणून किती ठिकाणी बिघाड तासन्‌तास लांबतात, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

इंजिनियर मुलांचा घास काढला जातो, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. बेकार इंजिनियरचं दुःख खरं आहे. पण हे दोघे एकाच जागेसाठी भांडत नाहीत. तंत्रज्ञान म्हणजे फक्त कोडिंग हा शहरी मध्यमवर्गाचा भ्रम आहे. ऐरोली, महापे, पवई या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहत आहेत. देशातली सर्वाधिक डेटा सेंटर क्षमता आज मुंबई परिसरात आहे. अशा इमारतीत दिवसरात्र चालतात ते डिझेल जनरेटर, यूपीएस, चिलर, आगविझवणीची यंत्रणा आणि मैलोन्‌मैल केबल. युद्धनौकेवर नौसैनिक हेच सांभाळतो. वीज जहाजावरच तयार करायची, ती वाटायची, रडार आणि सोनारची इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवायला गार पाण्याचा प्लांट चालू ठेवायचा, आग लागली तर काही सेकंदांत ओळखून दाबायची. पंधरा वर्षं हे केलेल्या माणसाला डेटा सेंटरमध्ये नवीन शिकावं लागतं ते थोडं. बी.ई. झालेला मुलगा या कामाकडे फिरकत नाही. त्याला पाळ्या नको असतात, तेलकट हात नको असतात. त्यात त्याची चूक नाही, त्याचं शिक्षण दुसऱ्या कामासाठी झालंय.

सायबर सुरक्षेचंही तसंच. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले: सायबर हल्ल्याची माहिती ६ तासांच्या आत कळवा, संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा. रात्री दोन वाजता पडद्यावर काही वेगळं दिसलं तर ते ओळखणारं आणि न कंटाळता नोंदवणारं माणूस त्यासाठी लागतं. रात्रीचा पहारा ज्याच्या अंगवळणी पडलाय, सायफरसारख्या ट्रेडमध्ये ज्याच्या हातून आयुष्यभर गुप्त मजकूर गेला आणि एक अक्षर बाहेर पडलं नाही, त्याच्याहून या खुर्चीला लायक कोण? त्याला काही महिन्यांचं नवं प्रशिक्षण लागेल, हे उघड आहे.

आणि पेन्शन. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम म्हणजे पेन्शन. शिपाई किंवा नायक म्हणून निवृत्त झालेल्याच्या निम्म्या पगारात पुण्यात भाड्याचं घर आणि दोन पोरांचं शिक्षण बसवून दाखवा. शिवाय काम करायचं ते केवळ पैशासाठी, हे तरी कुणी ठरवलं? सदतीस वर्षांचा, हातात कसब असलेला माणूस घरी बसून करणार काय?

या सगळ्यात एक धोका आहे, तो लपवून चालणार नाही. निवृत्तीच्या वेळी जवानाच्या हातात ग्रॅच्युइटीचे आणि पेन्शन विकल्याचे पैसे एकदम येतात, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले शिकवणीवाले गावोगावी फिरतात. तीन महिन्यांत डेटा सायंटिस्ट, शंभर टक्के नोकरी, फी दीड-दोन लाख. अशा एका वर्गाची जाहिरात मी तालुक्याच्या बसस्थानकावर वाचली, खाली मोठ्या अक्षरांत ‘फौजी बांधवांना खास सवलत’. प्रमाणपत्र मिळतं, नोकरी मिळत नाही, पैसे गेलेले असतात. मग गावात बोललं जातं, बघा, फौजीला कॉम्प्युटर जमत नाही. त्याला जमलं नाही असं नव्हे, त्याला फसवलं गेलं.

याला उपाय आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०१९ मध्ये व्हेट टेक नावाची योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. त्यात शिकवणाऱ्या संस्थेला पैसे तीन टप्प्यांत मिळत: प्रवेशाच्या वेळी एक चतुर्थांश, अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर एक चतुर्थांश, आणि उरलेले निम्मे माजी सैनिकाला त्या क्षेत्रात खरोखर काम लागल्यावर. संस्थेला नोकरीची फिकीर करायला लावायची असेल तर तिचे पैसे नोकरीशी बांधावे लागतात, हे त्या योजनेने करून दाखवलं. आपल्याकडे सेवेच्या शेवटच्या वर्षात जवानांना मोफत रिसेटलमेंट कोर्स मिळतात. चांगली सोय आहे. पण कोर्सनंतर किती जणांना, कुठे, कोणत्या पगारावर काम मिळालं, यावर संस्थेला मोबदला देण्याची पद्धत आणल्याशिवाय त्या कोर्सांचा खरा कस लागणार नाही.

हे सगळं आता तातडीचं झालंय, कारण अग्निवीर येत आहेत. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या योजनेतून भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील, बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी येतील. हातात सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, पेन्शन नाही. त्यांच्यासाठी जी आश्वासनं दिली गेली, त्यातली सर्वांत ठळक केंद्रीय पोलिस दलांतल्या १० टक्के जागांची आणि राज्यांच्या पोलिस भरतीतल्या प्राधान्याची. म्हणजे पुन्हा वर्दी, पुन्हा पहारा. ज्यांना वर्दी हवी आहे त्यांनी ती जरूर घालावी. पण ज्याने चार वर्षं तांत्रिक ट्रेडमध्ये काढली, त्याच्या नशिबी वर्दीशिवाय दुसरा मार्गच नसावा? इग्नूने अग्निवीरांसाठी पदवी अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. हे पाऊल मला खरोखर महत्त्वाचं वाटतं, कारण फौजेतल्या शिक्षणाला पदवीत मोजण्याची वाट त्याने उघडली. तीच वाट जुन्या हवालदारांना, सुभेदारांना आणि नौसैनिकांना का बंद असावी?

महाराष्ट्राला यात हात झटकता येणार नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले आणि आजही तिथल्या घराघरांतून मुलं भरतीला जातात. असं गाव ज्या राज्यात आहे, त्याच राज्यात हिंजवडी आहे, ऐरोली आहे, लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी आहे, आणि पुण्यात सैनिक कल्याण विभागाचं कार्यालय आहे. दोन टोकं जोडायला नवं काही बांधायचं नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनची कागदपत्रं पाहणाऱ्या लिपिकाबरोबर डिस्चार्ज बुकातला ट्रेड वाचून त्याला साजेशी तांत्रिक जागा शोधणारा एक माणूस नेमावा. राज्य सरकार स्वतःच्या नेटवर्कची, सर्व्हरची आणि डेटा सेंटरची देखभाल निविदा काढून खासगी कंपन्यांना देतं. त्या निविदांमध्ये एक कलम घालावं: देखभालीसाठी नेमलेल्या तंत्रज्ञांमध्ये ठरावीक हिस्सा तांत्रिक ट्रेडमधल्या माजी सैनिकांचा असेल, आणि सेवेतला अनुभव पदवीच्या जागी ग्राह्य धरला जाईल. कंत्राटदाराला माणसं मिळाली नाहीत तर सैनिक कल्याण विभागाने ती यादीसह द्यावीत. असं कलम घालायला नवा कायदा लागत नाही. अग्निवीरांची पहिली तुकडी घरी येण्याआधी निघणाऱ्या पुढच्याच निविदेत ते घालता येईल.